आधी सांगाडा, मग कवच

चि. ओवीस,


तुझं पत्र आणि लाल फेरारीचा फोटो, दोन्ही मिळालं. लेगोची डेटोना एसपी३ म्हणजे ३७७८ तुकड्यांचं काम. आठवीतल्या मुलीनं ते कुणाची मदत न घेता तडीस नेलं, याचा मला फार अभिमान वाटला. पत्राच्या शेवटी तू विचारलंयस, "आबा, आता पुढची कुठली घेऊ? मॅक्लारेन की लॅम्बॉर्गिनी?" खरं सांगू? दोन्ही नको. बाबांचे हजारो रुपये वाचव आणि आहे त्याच तुकड्यांतून गाडीचा नुसता सांगाडा बांध. दारं नको, बॉनेट नको, स्टिकर तर नकोच. चार चाकं, स्टिअरिंग, इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल. एवढंच, आणि तेही पुस्तिकेशिवाय.

असं का म्हणतो ते सविस्तर लिहितो.

२०१८च्या बुगाटी शिरोनमध्ये ३५९९ तुकडे होते, २०२०च्या लॅम्बॉर्गिनी सियानमध्ये ३६९६, २०२२च्या तुझ्या फेरारीत ३७७८ आणि २०२४च्या मॅक्लारेन पी१मध्ये ३८९३. आकडा दर खेपेला चढतो आहे. गाड्या देखण्या आहेत यात वादच नाही. पण तूच आठवून बघ, गिअरबॉक्स तू अगदी सुरुवातीला बांधलास. त्यावर इंजिन आलं, सीटा आल्या, मग लाल पट्ट्या चढत गेल्या आणि गिअरबॉक्स जो आत गेला तो गेलाच. त्यात कुठला दाता कुठल्या दात्याला फिरवतो, हे आज विचारलं तर तुला पुन्हा पुस्तिकाच उघडावी लागेल. यात तुझा काही दोष नाही. ती गाडी दाखवण्यासाठीच बेतलेली आहे.

लेगोच्या गाड्या नेहमीच अशा नव्हत्या. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात ओले किर्क ख्रिश्चनसेन या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करायला घेतली, तिथून लेगोची सुरुवात. आजच्या ठोकळ्याचं पेटंट २८ जानेवारी १९५८चं. त्या वर्षीचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर अजूनही घट्ट बसतो. पण आपल्या कामाची गोष्ट घडली १९७७ साली. त्या वर्षी पट्ट्यांना भोकं पडली, दातेरी चाकं आणि दांड्या आल्या. तीच मालिका पुढे 'टेक्निक' नावाने ओळखली जाऊ लागली. या मालिकेत १९८० साली ८८६० क्रमांकाचा एक संच निघाला. त्यात तुकडे सातशेहूनही कमी, आणि गाडीला कवच म्हणून काही नव्हतंच. मागे आडवं चार सिलिंडरचं इंजिन, त्याला जोडून गिअरबॉक्स, मागच्या चाकांमध्ये डिफरन्शियल, पुढे रॅक-पिनियनचं स्टिअरिंग आणि पुढेमागे सरकणाऱ्या दोन सीटा. सगळं उघडं, बोट घालून फिरवता येईल असं. माझ्या मते लेगोने गाडी शिकवण्यासाठी त्याहून चांगला संच आजवर काढलेला नाही. १९९४च्या ८८८० या सुपर कारमध्ये चारही चाकांना गती होती आणि चारही चाकं वळत. ती मोठी करामत होती, पण नवख्याने सुरुवात ८८६०सारख्या उघड्या सांगाड्यानेच करावी.

आता एक प्रयोग कर. तुझ्या फेरारीचं मागचं झाकण उघड, पिस्टन दिसतील. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाक आणि फरशीवर सावकाश ढकल. मग आठव्यात टाकून तेवढ्याच वेगाने ढकल. पहिल्या गिअरमध्ये पिस्टन धावत सुटतील आणि हाताला गाडी जड लागेल. आठव्यात पिस्टन संथ चालतील, गाडी हलकी जाईल. उलटं वाटतं ना? कारण खेळण्यातलं इंजिन चाकांना फिरवत नाही, चाकंच इंजिनाला फिरवतात. आणि खऱ्या गाडीतही असं होतं. खंबाटकी घाट उतरताना तुझे बाबा गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवतात, तेव्हा चाकंच इंजिनाला ओढत असतात. इंजिन घरघरतं आणि गाडी आवरलेली राहते. चढावर गाडी उभी करताना पहिल्या गिअरमध्ये टाकून ठेवतात, तेही त्याच कारणाने. हे समजलं की गिअरबॉक्स अर्धा समजला.

उरलेला अर्धा हाताने बांधूनच समजेल. त्यासाठी एकच माप पाठ कर: ८ मिलिमीटर. पट्टीवरच्या एका भोकाच्या मध्यापासून शेजारच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. लेगोच्या दातेरी चाकांचा हिशोब याच मापावर बेतलेला आहे. जितके दाते, तितके मिलिमीटर त्या चाकाचा व्यास (दाते जिथे एकमेकांत भिडतात तिथला, टोकापासून टोकापर्यंतचा नव्हे). म्हणजे ८ दात्यांचं चाक ८ मिलिमीटरचं, २४ दात्यांचं २४चं. दोन्ही शेजारी लावली तर त्यांच्या दांड्यांमधलं अंतर व्यासांच्या बेरजेच्या निम्मं, १६ मिलिमीटर, म्हणजे भोकांमधली बरोबर दोन अंतरं. १६ दात्यांची दोन चाकं घे, पुन्हा १६ मिलिमीटर. १२ आणि २० दात्यांची घे, तरी १६च. ओवी, मी पिंपरीत गिअर शॉपमध्ये उभा जन्म काढला. पण इतका नेटका हिशोब मुलांच्या हातात देणाऱ्या माणसांबद्दल मला आजही आदर वाटतो.

याच मेळामुळे तुला दोन गिअरचा डबा सहज बांधता येईल. दोन दांड्या समांतर लाव, मध्ये तेच १६ मिलिमीटरचं अंतर. इंजिनाकडच्या दांडीवर १६ आणि १२ दात्यांची चाकं पक्की बसव. चाकांकडे जाणाऱ्या दांडीवर, त्यांच्यासमोर, १६ आणि २० दात्यांची ती चाकं घाल जी दांडीवर मोकळी फिरतात आणि ज्यांच्या कुशीला खाचा असतात. तुझ्या फेरारीत अशी चाकं आहेत. त्या दोन्हींच्या मध्ये सरकणारी कडी. कडी दांडीबरोबर फिरते. ती ज्या चाकाकडे सरकेल, त्याच्या खाचेत अडकते आणि तेवढंच चाक दांडीला बांधलं जातं. कडी १६कडे सरकली की एकास एक. २०कडे सरकली की इंजिनाच्या पाच फेऱ्यांना पुढच्या दांडीच्या तीन. हा झाला पहिला गिअर. नीट बघ, गिअर बदलताना दातेरी चाकं जागची हलत नाहीत, सगळी कायम एकमेकांत गुंतूनच फिरत राहतात, सरकते ती फक्त कडी. बाबांच्या गाडीतही रचना हीच आहे, फक्त पोलादाची आणि तेलात बुडालेली.

डिफरन्शियल मात्र बांधण्याआधी हातात धरून खेळव. मधला पिंजरा चिमटीत पकड आणि डावं चाक पुढे फिरव, उजवं मागे जाईल. आता डावं चाक धरून ठेव आणि पिंजरा एक फेरी फिरव, उजवं चाक दोन फेऱ्या घेईल. दोन चाकांच्या फेऱ्यांची सरासरी नेहमी पिंजऱ्याच्या फेऱ्यांएवढी भरते. याची गरज का पडते, ते कागदावर काढून बघ. डाव्या-उजव्या चाकांमध्ये दीड मीटर अंतर असलेली गाडी यू टर्न घेते, तेव्हा बाहेरचं चाक आतल्यापेक्षा साधारण ४.७ मीटर जास्त धावतं. वळण लहान घेतलं काय नि मोठं घेतलं काय, फरक तेवढाच. अर्धवर्तुळाच्या परिघाचं सूत्र तुला येतंच, पडताळून बघ. दोन्ही चाकं एकाच दांडीवर पक्की असती तर एक टायर रस्त्यावर घासतच गेला असता.

सांगाडा बांधताना तुला सगळ्यात जास्त छळेल ती लवचीकता. गाडी पुढून-मागून धरून उचललीस की मध्ये खाली झुकेल. झुकली की दांड्या वाकड्या होतात, दाते एकमेकांवरून उडी मारतात आणि कटकट असा आवाज येतो. तो आवाज आला की जोर लावू नकोस, सांगाडा सुधार. प्रत्येक दांडीला चाकाच्या दोन्ही बाजूंनी आधार दे. कोपऱ्यांना तिरक्या पट्ट्या लाव. इथे भूमितीच्या वहीतला ३-४-५चा त्रिकोण उपयोगी पडेल. मात्र भोकं नव्हे, भोकांमधली अंतरं मोज. तीन अंतरांना चार भोकं लागतात. तीन आणि चार अंतरांच्या आडव्या-उभ्या पट्ट्या आणि पाच अंतरांची तिरकी पट्टी, कोपरा काटकोनात अडकून बसतो. आणखी एक गोष्ट. काळ्या पिना घट्ट बसतात, त्या सांगाड्यासाठी. जिथे काही फिरायचं असेल तिथे सैल पिना, करड्या किंवा मातकट रंगाच्या. आणि दांडीला जागेवर धरणारा बुश दाबून बसवताना केसभर जागा सोड. अजिबात प्ले नसलेली दांडी फिरतच नाही.

गाडी कुठली बांधू, असं विचारशील. मी पोर्शे ९११ सुचवीन. १९६३पासून आजतागायत तिचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे आहे, आणि म्हणूनच तिचा सांगाडा बांधायला मजा आहे. शेवटी इंजिन, त्याच्या पुढे डिफरन्शियल, त्याच्याही पुढे गिअरबॉक्स. इंजिनाची दांडी डिफरन्शियलवरून पुढे गिअरबॉक्समध्ये जाते आणि गती तिथून परत मागे चाकांकडे येते. एवढ्याशा जागेत जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोन वाटा बसवणं हे खरं डोक्याचं काम आहे.

माप ठरवायला टायरपासून सुरुवात कर. लेगोच्या टायरच्या कडेला आकडे उमटवलेले असतात. तुझ्या जुन्या डब्यात ४३.२ लिहिलेले टायर आहेत, गेल्या वर्षी मीच पाहिलेत. म्हणजे व्यास ४३.२ मिलिमीटर. खऱ्या गाडीचा टायर सुमारे ६९ सेंटिमीटर धर. भागाकार केलास की सोळा येतात. तुझी गाडी खऱ्याच्या सोळाव्या हिश्श्याची होणार. ९११ची लांबी साधारण साडेचार मीटर, सोळाने भागून २८ सेंटिमीटर, म्हणजे ३५ भोकं. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.४५ मीटर, म्हणजे भोकांमधली १९ अंतरं. रुंदी १.८५ मीटर, हिशोबाने साडेचौदा भोकं येतात. तिथे पंधरा घे, चौदा नको. विषम आकड्याला बरोबर मधलं भोक मिळतं आणि डिफरन्शियलला तेच हवं असतं.

आमच्या लहानपणी हे ठोकळे नव्हते. पत्र्याच्या भोकाच्या पट्ट्या आणि नट-बोल्ट असत. मूळचा मेकॅनो, लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९०१ साली पेटंट घेतलेला. तो तुला आजही आवडेल. त्याला पोरखेळ समजू नकोस. १९३४ साली मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री या शास्त्रज्ञाने अवघड समीकरणं सोडवणारं यंत्र मेकॅनोच्या तुकड्यांतून उभं केलं होतं. आणि लेगोचंच म्हणशील तर २०१८मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या क्लाद्नोच्या कारखान्यात त्यांनी पूर्ण आकाराची बुगाटी शिरोन बांधली. दहा लाखांहून जास्त तुकडे, कुठेही गोंद नाही, २३०४ छोट्या मोटारी, वजन दीड टन. खऱ्या बुगाटीचे चाचणीचालक अँडी वॉलेस यांनी जर्मनीतल्या एरा-लेसिनच्या ट्रॅकवर ती चालवली, ताशी २० किलोमीटरच्या वर. हजारो मोटारींची गती एकत्र करताना त्या माणसांनाही आधी दांड्या, दाते आणि वाकणारा सांगाडा यांच्याशीच झुंजावं लागलं असणार.

तुझी आई म्हणेल, एवढ्या मेहनतीने बांधलेली फेरारी मोडायची कशाला? तिला माझं नाव सांग. आणि मोडताना घाई करू नकोस. वरून एकेक थर उतरव, गिअरबॉक्स उघडा पडला की थांब, एक गिअर टाकून कुठली कडी कुठे सरकते ते वहीत काढून घे, मग पुढचा. आठही गिअर काढून झाले की खुशाल सगळं सुटं कर. तुकडे रंगाप्रमाणे लावू नकोस, कामाप्रमाणे लाव: पट्ट्या एका डब्यात, दांड्या लांबीप्रमाणे, दातेरी चाकं दात्यांप्रमाणे. शोधण्यात निम्मा वेळ जातो, तो वाचेल.

दिवाळीच्या सुट्टीत चिंचवडला येशील तेव्हा नुसता सांगाडा घेऊन ये. कवच चढवून आणलंस तर आधी ते उतरवायला लावीन. माझ्या टेबलावर आपण तो चालवून बघू, कुठे घासतं, कुठे झुकतं, आणि पहिला गिअर नीट पडतो का. वहीही बरोबर आण.

आई-बाबांना नमस्कार सांग.

तुझा,
आबा