अंतरिक्ष पार्श्वनाथ : भार कोणाचा, आधार कोणाचा

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर (जैन) येथे जैनांच्या तेविसाव्या तीर्थंकरांची, म्हणजे पार्श्वनाथांची, अर्धपद्मासनातील काळी मूर्ती असून ती जमिनीला न टेकता अधांतरी राहते अशी श्रद्धा असल्यामुळे तिला ‘अंतरिक्ष पार्श्वनाथ’ म्हणतात. हे स्थान जुने आहे. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी ‘विविधतीर्थकल्प’ या तीर्थवर्णनपर ग्रंथात त्याची नोंद घेतली. मूर्ती वाळूशेणाची घडवलेली होती, तळ्यात विसर्जित झाली, त्या पाण्याने एका राजाचा कुष्ठरोग बरा झाला आणि मूर्ती गाडीतून नेताना त्याने मागे वळून पाहताच ती जागीच अधर राहिली, अशी तिची कथा आहे. एकेकाळी तिच्याखालून घोडेस्वार जाई, आता मात्र वस्त्र सरकण्याएवढेच अंतर उरले आहे, असेही परंपरा सांगते.

अशा मूर्तींचा उलगडा लोहचुंबकाने करण्याची रीत फार जुनी आहे. तेराव्या शतकातील लेखक अल्-कझ्विनी याने सोमनाथाच्या मूर्तीविषयी तो सांगितला, आणि पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने अलेक्झांड्रियातील एका राणीची लोखंडी प्रतिमा चुंबकी छताखाली तरंगत ठेवण्याच्या बेताची हकीकत दिली. हा उलगडा शास्त्रीय वाटतो, पण तो शास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. सॅम्युएल अर्नशॉ याने 1842 मध्ये मांडलेल्या प्रमेयाचा निष्कर्ष असा की स्थिर चुंबकांच्या केवळ आकर्षण-अपकर्षणावर लोखंडासारखी वस्तू हवेत स्थिर तोल धरू शकत नाही. किंचित धक्का बसताच ती चुंबकाला जाऊन चिकटते किंवा खाली पडते. शिवाय वाळूशेणाच्या मूर्तीला लोहचुंबक धरणार तरी कसा? चमत्कारावर असे घाईचे उत्तर देणे हीदेखील एक प्रकारची श्रद्धाच होय.

खरा पेच जैन तत्त्वज्ञानाच्या आतच आहे, आणि तो अधिक गहन आहे. जैन दर्शन जगाचा कर्ता असा ईश्वर मानत नाही. तीर्थंकर वीतराग, म्हणजे राग-द्वेषापासून मुक्त असतात. मोक्षानंतर ते सृष्टीच्या व्यवहारात हात घालत नाहीत, मग मूर्ती उचलून कोण धरील? परंपरेचे उत्तर असे की अशा अतिशयांचे, म्हणजे अलौकिक घटनांचे, श्रेय पार्श्वनाथांचे सेवक धरणेंद्र आणि पद्मावती या देवतांकडे जाते. यामुळे तीर्थंकर निर्लेप राहतात, परंतु भाराचा प्रश्न मिटत नाही. जैन पदार्थविचारात जडपणा आणि हलकेपणा हे पुद्गलाचे, म्हणजे मूर्त द्रव्याचे, स्पर्शगुण आहेत. आकाश वस्तूला केवळ जागा देते, तर स्थिर राहण्यास साहाय्य करणारे द्रव्य ‘अधर्म’ या नावाने वेगळे मानले आहे आणि त्या शब्दाचा पापाशी काही संबंध नाही. स्थिरतेचा इतका बारकाईने विचार करणाऱ्या दर्शनाला अधर मूर्ती हा सहज स्वीकारण्याजोगा अपवाद असू शकत नाही.

वर जाण्याचे जैनांचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र मूर्तीचे नाही. ‘तत्त्वार्थसूत्र’ या जैन तत्त्वग्रंथाच्या परंपरेत मुक्त आत्म्याच्या ऊर्ध्वगतीसाठी मातीचा लेप दिलेल्या भोपळ्याचा दृष्टान्त येतो: लेपाच्या भाराने भोपळा पाण्यात बुडतो आणि लेप धुऊन गेला की आपोआप वर येतो. तेथे तरंगणे हा कोणाचा पराक्रम नसून ओझे उतरल्यावर उरणारा स्वभाव आहे. शिरपूरच्या श्रद्धेचे मूळ या विचारात असेल असे सिद्ध करता येत नाही; पण त्या मूर्तीकडे भक्त ज्या आदराने पाहतात, त्याचा अर्थ चुंबकापेक्षा या भोपळ्यापाशी अधिक सापडतो.

या मूर्तीवरील लेप हा प्रत्यक्षात वादाचा विषय झाला, ही गोष्ट म्हणूनच मनाला लागते. श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही पंथांच्या पूजाधिकाराचा तंटा ब्रिटिश काळातच न्यायालयात गेला होता. 1981 पासून गाभारा कुलूपबंद राहिला आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने श्वेतांबर पंथीयांना लेप देण्याची परवानगी मिळाल्यावर तो पुन्हा उघडला. चार दशकांहून अधिक काळ भक्तांना गाभारा उघडण्याची वाट पाहावी लागली.