रंगाखालचं पत्र

सकाळी पूर्वेच्या खिडकीतून येणारं ऊन आडवं असतं. दुपारचं ऊन वरून पडतं आणि सगळं सपाट करून टाकतं. सकाळचं ऊन मात्र वस्तूंना घासून जातं. भिंतीचा गिलावा कुठे फुगलाय, दाराच्या फळीला कुठे रंधा कमी लागलाय, हे त्याच वेळी कळतं.

टेबलावर वाळत ठेवलेला कॅनव्हास या उन्हात बघावा. रात्री दिव्याखाली तो नुसता निळा दिसत होता. आता त्या निळ्याखाली कागदाची एक कड दिसते. घडीची रेघ दिसते. साडीच्या काठातून सुटलेला धागा जिथे चिकटवला होता, तिथला बारीक उंचवटा दिसतो. जुन्या चित्रांची निगा राखणारे तज्ज्ञ मुद्दाम असाच प्रकाश पाडतात. दिवा चित्राच्या एका बाजूला, जवळजवळ पृष्ठभागाच्या पातळीत धरतात. मग वरच्या रंगानं झाकलेलं खालचं काम सावल्यांच्या रूपानं वर येतं.

मिक्स्ड मीडियाचं काम म्हणजे थरांचं काम. ताणलेल्या कापडावर आधी जेसोचा पांढरा, कोरडा थर द्यायचा. त्यावर कागद लावायचे. जुनी लग्नपत्रिका, वहीचं पान, एसटीचं तिकीट, नकाशाचा तुकडा, जे जवळ असेल ते. त्यावर पातळ केलेला अ‍ॅक्रिलिक रंग. तो वाळला की स्टेन्सिल ठेवून जाडसर पेस्ट. मग पुन्हा रंग. शेवटी वर काय राहतं? पाच-सहा गोष्टी. बाकी सगळं खाली जातं.

यातला बराच वेळ वाट पाहण्यात जातो. ओल्या गोंदानं कागद फुगतो, पसरतो. वाळताना पुन्हा आकसतो. तो फुगलेला असतानाच वर दुसरा थर चढवला तर सुरकुती कायमची बसते. म्हणून चिकटवल्यावर मधून कडेकडे हात फिरवायचा, अडकलेली हवा काढायची आणि बाजूला व्हायचं. निम्मं काम हातांचं, निम्मं वाळण्याचं. सकाळच्या वेळी मला हे दुसरं निम्मं जास्त आवडतं.

अशी कामं बहुतेक वेळा कुणाला तरी द्यायची असतात. कुणाची पंचाहत्तरी, कुणाचं लग्न, कुणी गाव सोडून निघालेलं. देण्यासाठी करायला बसलं की एक प्रश्न नेहमी येतो. खाली गेलेलं त्या माणसाला कळणारच नाही, तर ते लावायचं कशाला?

आत्यासाठी मी एक कॅनव्हास केला होता. तिच्या माहेरच्या, म्हणजे आमच्याच जुन्या घराच्या दाराचा फोटो, तिच्या विरलेल्या इरकली साडीची एक पट्टी, वर थोडी निळाई. या सगळ्याच्या खाली एक पत्र होतं. तिनंच कधीतरी बाबांना लिहिलेलं आंतरदेशीय पत्र, बाबांनी ट्रंकेत जपून ठेवलेलं. बाबा गेल्यावर ते माझ्याकडे आलं. पत्रात विशेष काही नव्हतं. पाऊस लांबलाय, वाटाण्याचं बी पाठव, धाकट्याला ताप होता, आता बरा आहे. मी ते घडीसकट लावलं आणि त्यावरून रंग दिला. एकही अक्षर दिसत नव्हतं.

आत्यानं कॅनव्हास मांडीवर घेतला. वयामुळे तिला बारीकसारीक दिसत नाही, म्हणून ती हातानं बघते. बोटं दारावरून गेली, साडीच्या पट्टीवरून गेली, निळ्यावर आली आणि थांबली. पुन्हा मागे गेली. एका उंचवट्यावरून दुसऱ्या उंचवट्यापर्यंत.

“इथं खाली काय आहे गं? आंतरदेशीय आहे का?”

“हो. तुझंच. बाबांना लिहिलेलं.”

“घडीवरनं कळलं.” कोणतं पत्र, काय लिहिलं होतं, हे तिनं विचारलं नाही. तिचा हात मात्र बराच वेळ तिथंच होता.

त्या दिवसापासून वरचा प्रश्न मला पडतो, पण छळत नाही. दिसणं ही एक गोष्ट आहे आणि पोहोचणं ही दुसरी. दिसलेलं सगळं पोहोचतंच असं नाही. न दिसलेलं पोहोचणारच नाही असंही नाही.

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात मेरी डिलेनी नावाच्या एक बाई होऊन गेल्या. पती वारल्यानंतर त्या पुष्कळदा आपल्या मैत्रिणीकडे, पोर्टलंडच्या डचेसकडे राहत. १७७२ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांना समोरच्या जिरेनियमच्या फुलाचा लाल रंग आणि हाताशी पडलेल्या कागदाचा लाल रंग एकच वाटला. त्यांनी कागदाच्या पाकळ्या कातरल्या. खोलीत आलेल्या डचेसला त्या खऱ्याच वाटल्या, असं सांगतात. त्यानंतर सुमारे दहा वर्षं, नजर साथ देईनाशी होईपर्यंत, डिलेनीबाई कागदाची फुलं करत राहिल्या. काळा रंग दिलेल्या कागदावर रंगीत कागदाचे बारीक बारीक तुकडे, एकावर एक. एकेका फुलात असे कितीतरी तुकडे. कुठे कुठे खरं वाळलेलं पानही बेमालूम लावलेलं. अशी हजाराच्या जवळपास चित्रांची पानं झाली. ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

फुलांइतकंच मला त्या पानांच्या पाठीमागचं आवडतं. पुष्कळ पानांच्या मागे त्यांनी वनस्पतीचं नाव लिहिलं आहे, तारीख लिहिली आहे, कुठे बसून केलं ते लिहिलं आहे. आणि ते रोप कुणी दिलं, त्याचंही नाव. लोक त्यांना फुलं पाठवत. राजा तिसरा जॉर्ज आणि राणी शार्लट यांच्याकडून क्यू इथल्या बागेतली रोपं येत. भिंतीवर लावलेलं फूल बघणाऱ्याला हे कळायचं नाही. पुढून फूल आणि मागून माणूस. एवढ्या बारकाईनं कातरणाऱ्या हाताला देणाऱ्याचं नावही तितक्याच काळजीनं लिहावंसं वाटलं, हे फार मोठं आहे असं मला वाटतं.

आपल्याकडेही असं थरांचं काम होतं. आपण त्याला कलेचं नाव दिलं नाही, इतकंच. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं घरोघरी पोहोचली. ते शिळाछपाईचं कामही थरांचंच. एका चित्रासाठी रंगागणिक वेगळा दगड आणि एकाच कागदावर पाळीपाळीनं सगळ्या दगडांचे ठसे. चित्र घरात यायचं ते हजारो घरांत असतं तसंच. मग घरातली बाई दुपारी ते पुढ्यात घेऊन बसायची. सरस्वतीच्या साडीवर खऱ्या कापडाची पट्टी, काठाला जर, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी. सगळं सुईदोऱ्यानं किंवा खळीनं पक्कं करून काचेमागे. अशी चित्रं आजही जुन्या वाड्यांत आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांत दिसतात. कापड विटलेलं असतं, जर काळवंडलेली असते, चेहरा मात्र छापलेला तसाच ताजा असतो. कुणी केलं त्याचं नाव कुठेच नसतं. पण एक टिकली दुसरीपासून किती अंतरावर आहे ते बघितलं, तरी त्या बाईचा हात दिसतो.

स्क्रॅपबुकाची गोष्ट थोडी निराळी आहे. तिथे झाकायचं नसतं, मांडायचं असतं. पण मांडण्यातही पुष्कळ काही बाहेर राहतं. एका पानावर तीन फोटो छान बसतात. चौथा आला की डोळा कुठे ठरत नाही. लग्नाचे सातशे फोटो समोर असतात आणि त्यातले तीन घ्यायचे. हे तीन निवडणं म्हणजेच त्या माणसाचा विचार करणं. तिला कुठला आवडेल? वधूवेशातला, का अंतरपाट धरायच्या आधी मामाच्या हाताला धरून उभी असतानाचा? आपण फोनवरून सातशेच्या सातशे पाठवतो तेव्हा हा विचार करायचं काम आपण समोरच्यावर सोडतो. पाठवण्यात काही वाईट नाही. पण निवडून देण्यात आपला वेळ आणि आपली नजर असते, आणि कितीही फोटो पाठवले तरी त्याची भरपाई होत नाही.

पूर्वीचे काळ्या पानांचे अल्बम आठवतात. फोटोला चार कोपरे, दोन पानांमध्ये जाळीच्या नक्षीचा पातळ कागद. तो कागद आधी उलटायचा, मग फोटो दिसायचा. त्या अल्बमांमधले फोटो पुष्कळदा चांगले राहिले आहेत, आणि त्याचं एक साधं कारण असं की ते चिकटवलेलेच नव्हते. नंतर चिकट पानांचे, वर प्लास्टिक असलेले अल्बम आले. त्यातले फोटो आता सोडवू म्हटलं तरी सुटत नाहीत. हे काम ज्यांना करायचं आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवावं. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातल्या लिग्निनमुळे तो पिवळा पडतो, आणि त्यातलं आम्ल शेजारच्या फोटोलाही डाग पाडतं. सेलोटेप काही वर्षांनी तपकिरी होते आणि आपला डाग मागे ठेवून सुटून येते. कातरण ठेवायचंच असेल तर त्याची चांगल्या कागदावर प्रत काढावी. सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद फार टिकतो. पुण्यात १९४० पासून हातकागद संस्था आहे, तिथला कागद हातात घेतला की हे बोटांनाच कळतं. फोटोच्या मागे लिहायचं ते मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं. नाव, गाव, साल. आपल्याला आठवतंय म्हणून आपण लिहीत नाही, आणि जिच्यासाठी ते पान करतो तिच्या मुलांना त्या फोटोतलं कुणीच ओळखू येत नाही.

निवडून, मांडून कुणाला देणं जुनंच आहे. मोगल दरबारात चित्रं आणि सुलेखनाची पानं जमवून, त्यांना नक्षीचे समास देऊन पुस्तक बांधत. त्याला मुरक्का म्हणत. शाहजहानचा मुलगा दारा शुकोह यानं असा एक मुरक्का आपल्या पत्नीला, नादिरा बानूला दिला. पुढे गादीच्या भांडणात १६५९ मध्ये दारा मारला गेला, आणि पुस्तकातलं त्याचं नाव नंतर पुसण्यात आलं. समोरासमोरच्या पानांवर जोडीनं लावलेली चित्रं मात्र राहिली. फुलं, पक्षी, तरुण स्त्री-पुरुष. ते पुस्तक आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, आणि ज्याचं नाव पुसलं त्याच्याच नावानं ओळखलं जातं. पत्नीसाठी कुठल्या चित्रासमोर कुठलं चित्र ठेवावं हे त्यानं ठरवलं असेल. ते कुणाला पुसता आलं नाही.

म्हणून कुणासाठी पान करताना मला आता फार समजावून सांगावंसं वाटत नाही. एखादी ओळ हातानं लिहावी. अक्षर वेडंवाकडं असलं तरी ते आपलंच असावं, छापलेलं नको. बाकी जागा मोकळी सोडावी. आणि शक्य असेल तर पानाच्या खालच्या बाजूला, तीन कडा चिकटवून आणि एक उघडी ठेवून, एक खिसा करावा. त्यात आपण काहीच ठेवायचं नाही. ज्याला पान मिळालं त्यानं काय ते ठेवावं.

माझ्या एका मैत्रिणीला असं पुस्तक दिलं होतं. बरेच दिवस खिसा रिकामाच होता. मग एकदा तिनं त्यातून एक चिठ्ठी काढून दाखवली. तिच्या सासूबाईंच्या अक्षरातली वाण्याची यादी. हरभऱ्याची डाळ एक किलो, गूळ, साबण दोन वड्या, आणि शेवटी ‘उदबत्ती मोगऱ्याची, दुसरी नको’. ही चिकटवून टाकू का, सुटी हरवेल, असं तिनं मला विचारलं. मी नको म्हटलं. आत्याच्या पत्राचं वेगळं होतं, ते तिनंच लिहिलेलं होतं. ही यादी तिच्या मुलीला बाहेर काढून वाचता यायला हवी.