सोंगाचा धर्म

दशावतारी नाटकात नटाच्या हाती लिहिलेले संवाद नसतात. आख्यान ठरलेले, सोंग ठरलेले. बाकीचे बोलणे नट प्रसंग पाहून आपल्या पदरचे घालतो. तरी राजाने राजासारखे बोलावे आणि ऋषीने ऋषीसारखे, हा दंडक सहसा कोणी मोडीत नाही. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा जो बैठा खेळ सिद्ध केला, तो काहीसा याच कुळीचा होय. मात्र तेथे आख्यानही आधी पुरते ठरलेले नसते. चार-सहा जण मेजाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन अरण्ये, भुयारे, राक्षस यांचे वर्णन करतो. उरलेले एकेक पात्र अंगीकारून ‘मी आता असे करतो’ म्हणून सांगतात, आणि जेथे परिणाम अनिश्चित असेल तेथे फासे टाकून निर्णय होतो.

प्रत्येक पात्राचा एक वर्ग असतो. पहिल्या पुस्तकांत वर्ग तीनच होते : योद्धा, मांत्रिक आणि धर्मोपदेशक. मांत्रिकाने चिलखत घालू नये, धर्मोपदेशकाने धारेचे शस्त्र धरू नये, गदा मात्र चालेल, असे निर्बंध त्यांजवर होते. (गदेने मस्तक फुटले असता रक्त येत नाही की काय, हे त्या ग्रंथकारांस विचारावयास हवे होते.) परंतु हे निर्बंध साधनांचे झाले, शीलाचे नव्हेत. शीलाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उपस्थित झाला तो १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत ‘पॅलाडिन’ नावाचा व्रतस्थ वीर अवतरला तेव्हा. शार्लमेन राजाच्या कथांतील वीरांवरून हे नाव आले आहे. या वीराच्या स्पर्शाने रोग व जखमा बऱ्या होत. पण एकही स्वैर कृत्य त्याच्या हातून घडले की त्याचे हे पद कायमचे गेलेच!

आपल्या वाचकांस येथे युधिष्ठिराचा रथ आठवेल. पृथ्वीपासून चार अंगुळे वर चालणारा तो रथ द्रोणवधाच्या वेळच्या एका अर्धसत्यासरशी खाली टेकला.

१९७८ साली हे कलम बदलले, आणि तो बदल मला फार अर्थपूर्ण वाटतो. या वीराने नियमनिष्ठही असावे आणि सत्प्रवृत्तही असावे, अशी आता दुहेरी अट आली. संपत्तीचा दशांश धर्मकार्यास द्यावा, जादूच्या वस्तू दहांहून अधिक बाळगू नयेत, असे बारीक नियमही आले. परंतु जाणूनबुजून नियमभंग केला तर त्याने श्रेष्ठ धर्मोपदेशकाकडे जाऊन पाप सांगावे आणि तो देईल ते प्रायश्चित्त घ्यावे. दुष्ट कृत्य जाणूनबुजून, स्वेच्छेने केले तर मात्र परतीची वाट नाही. म्हणजे नियम मोडणे आणि दुष्टपणा करणे ही दोन निराळी पापे ठरली आणि दुसरे थोर ठरले. खेळाच्या पुस्तकात एवढा विवेक असावा, याचे मला कौतुक वाटते.

कारण खरी अडचण या दोन अटी परस्परांवर आदळतात तेथेच आहे. कर्णपर्वात तोच प्रसंग आहे. ‘गांडीव दुसऱ्यास दे’ असे जो म्हणेल त्याचा वध करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. आणि कर्णाच्या बाणांनी पोळलेला युधिष्ठिर नेमके तेच बोलून गेला. अर्जुनाने खड्ग उपसले. श्रीकृष्णाने त्यास कौशिक तपस्व्याची कथा सांगितली. कौशिकाचे व्रत सत्य बोलण्याचे. पळून लपलेल्या माणसांचा ठिकाणा चोरांनी विचारला, त्याने तो खरा सांगितला, ती माणसे मारली गेली, आणि हा सत्यवादी नरकात गेला. नियमाचा त्याने केसभरही भंग केला नव्हता! पुढे श्रीकृष्णाने वडील भावास ‘तू’ म्हणणे हाच त्याचा वध, अशी वाट काढून प्रतिज्ञाही राखली आणि भाऊही राखला.

आता मेजावरचे एक उदाहरण घ्या. १९७७ च्या राक्षसकोशात एकेका योनीची वृत्ती छापूनच दिली होती. त्यात ‘ऑर्क’ म्हणजे दुष्ट. समजा, वीराने त्यांची गुहा जिंकली आणि आत त्यांची तान्ही लेकरे सापडली. कोशाप्रमाणे ती दुष्ट. मग त्यांस मारणे धर्म की अधर्म? प्रल्हाद कोणाच्या पोटी जन्मला, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांस उत्तर अवघड जाऊ नये. पण सूत्रधारच असा हट्टी असला की मारले तरी पतन आणि सोडले तरी पतन, तर तो धर्मसंकट निर्माण करीत नाही, केवळ फास लावतो. श्रीकृष्णाने वाट काढली. त्याला अर्जुनाचे पतन पाहावयाचे नव्हते.

कोणी म्हणेल, शक्ती जाईल या भीतीने पाळलेले शील हा व्यापार झाला. आक्षेप वजनदार आहे. पण त्याचे उत्तरही त्याच कलमात आहे, कारण गमावण्यासारखे काही हाती असल्यावाचून ते सोडण्याचा प्रसंगच येत नाही. महाप्रस्थानात इंद्र रथ घेऊन आला असता, सोबतच्या कुत्र्यास टाकून स्वर्गी येणार नाही, असे युधिष्ठिर म्हणाला. स्वर्ग समोर नसता तर त्या नकारास काय किंमत होती? ज्या खेळाडूस ठाऊक आहे की सूत्रधार आपले पद काढून घेणार, आणि तरीही जो त्या लेकरास पाठीशी घालतो, त्याने सोंग उत्तम वठविले असे मी म्हणेन.

२०१४ च्या आवृत्तीत वृत्तीची सक्ती उरली नाही. वीर आपली शपथ निवडतो, आणि ती मोडल्यास काय व्हावे हे बहुतांशी सूत्रधारावर सोपविले आहे. फास लावण्याची खोड त्यामुळे कमी झाली असेल तर ते बरेच झाले. मला मात्र १९७८ चे प्रायश्चित्ताचे कलम अधिक जवळचे वाटते : चुकलेल्याने कोणापुढे तरी जाऊन उभे राहावे, आपले कृत्य स्वमुखाने सांगावे, आणि मेजाभोवतीच्या मंडळींनी ते ऐकावे.