न्हाणीतलं शून्य

मी फिजिओथेरपिस्ट. राहते नारायणगावात, लकवा झालेल्या, खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे घरी जाते, आळेफाट्यापासून मंचर-घोडेगावपर्यंत. पिशवीत बार्थेल निर्देशांकाचा कागद असतो. १९६५ साली अमेरिकेत छापून आलेली शंभर गुणांची मोजणी: जेवण १०, जिना १०, खाटेवरून खुर्चीत १५, अंघोळ ५.

गेल्या वर्षी तो कागद ओतूरला आईसाठी काढला. उजवा हात गेलेला. वहिनी मायेनं घास भरवायची, म्हणून जेवणाला शून्य. मी तिला थांबवलं. आई डाव्या हातानं सांडत-लवंडत खाऊ लागली. तीन आठवड्यांनी वरणभात, मग भाकरीसुद्धा स्वतः मोडून. दहापैकी दहा. त्या दिवशी आईची मान ताठ होती. मोजल्यामुळेच हे घडलं, हे मी विसरत नाही.

अंघोळीपाशी मात्र अडलं. तिथे नियम कडक: जवळ कुणी नसताना जमलं तरच ५. वहिनी पाठ चोळून देते, तांब्यानं पाणी घालते. शून्य. उलट जेवणात ताट दुसऱ्यानं पुढ्यात ठेवलं तरी पूर्ण गुण. भाकरी थापणारे हात त्या दहात मोजलेच जात नाहीत. मग माझे तरी शंभर माझे एकटीचे कुठे?

आईनं विचारलं, “किती भरले?” आणि लगेच, “चालती-बोलती होते तेव्हाच न्यायचं होतं देवानं. दुसऱ्याच्या हातानं जगणाऱ्याचं कसलं पुण्य?”

आमच्याकडे हे घरोघरी ऐकते. पण गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना जरेचा विचार येतो. ज्ञानेश्वरांनी तिथे थरथरतं, गळतं म्हातारपण न लाजता सविस्तर उभं केलं आहे. आणि पुंडलिक! देवाला विटेवर थांबवणाऱ्या लेकाचं पुण्य आपण गातो. त्याच्या आईबापांनी मुकाट्यानं पाय पुढे केले, त्याबद्दल कुणी बोलत नाही. आयुष्यभर दिलेल्या माणसाला घेणं फार जड जातं. मला तीही साधनाच वाटते, कदाचित अधिक कठीण.

हे मी आईला धड सांगू शकले नाही. रविवारी वहिनी माहेरी गेली होती. मी पाणी विसणलं. आईनं बराच वेळ पदर घट्ट धरून ठेवला, मग माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाली, “डाव्या खांद्याखाली जरा जोरात चोळ.”