आजोबांना मासा म्हणणाऱ्यांसाठी

बसा. पुस्तकं बॅगेत घाला. वह्या तपासून झाल्यात, आणि आज मी शिकवणार नाही, बोलणार आहे.

निबंधाचा विषय सोपा होता : घरातली एक अबोल व्यक्ती, इंग्रजीत 150 शब्द. 58 वह्यांपैकी 31 वह्यांत 'कोल्ड फिश' सापडला. एवढे मासे बुधवारच्या बाजारात कोळणीच्या पाटीतही नसतात! हसू नका. कुठून आले ते मला ठाऊक आहे. तुमच्या गाइडमध्ये 'भावनाशून्य व्यक्तीसाठी वाक्प्रचार' अशी एक चौकट आहे. चौकटीत सात वाक्प्रचार आणि सातांना मिळून एकच अर्थ. तुम्ही ती चौकट न चावता गिळलीत आणि माझ्यापुढे ओकलीत.

कोल्ड फिश म्हणजे कमी बोलणारा नव्हे. ज्याच्या आत काही हलतच नाही, त्याला तो शब्द लावतात. शेक्सपिअरच्या 'द विंटर्स टेल'मध्ये ऑटोलिकस नावाचा भामटा फेरीवाला खेडुतांना छापील गाणी विकतो. त्यातलं एक गाणं म्हणे एका माशाने गायलेलं. तो मासा पूर्वी बाई होता. प्रियकराला तिने नाकारलं म्हणून तिचा थंडगार मासा झाला. विकणारा लबाड, ऐकणारे भोळे, आणि 'मासा' ठरली कोण, तर नाही म्हणणारी बाई. या शब्दाला पहिल्यापासून असा कुत्सित वास आहे. तो वास तुम्ही आजोबांच्या अंगाला लावलात, आणि वर शुद्धलेखनही चुकवलंत.

'कोल्ड शोल्डर'चे हाल याहून वाईट. 'माझी मावशी कोल्ड शोल्डर आहे.' अरे, मावशी खांदा कशी असेल? कोल्ड फिश हा स्वभाव, कोल्ड शोल्डर ही कृती. तो कुणीतरी कुणालातरी देतो किंवा दाखवतो. ओळख असून न दिल्यासारखं करणं, समोर आलं की तोंड फिरवणं. आज दिला, उद्या मागे घेतला, असंही होतं. वॉल्टर स्कॉटच्या 1816 सालच्या 'द अँटिक्वरी' कादंबरीत तो स्कॉटिश बोलीत येतो, एका सरदारपत्नीच्या नावडीबद्दल. एका हुशाराने मोबाइलवर वाचून लिहिलंय की नकोशा पाहुण्याला मेंढीच्या खांद्याचं शिळं मटण वाढत, त्यावरून हा शब्द आला. गोष्ट चटकदार आहे, खरी नाही. स्कॉटच्या त्या वाक्यात ना ताट आहे ना मटण.

आता 'स्टिफ अपर लिप'. ही चूक मी सोडणार नाही. चौघांनी लिहिलंय, 'काका गर्विष्ठ आहेत, त्यांचा वरचा ओठ ताठ असतो.' ओठ ताठ ठेवायचा तो रडू फुटू नये म्हणून. रडू येताना आधी काय थरथरतं, ते आरशात बघा कधीतरी. म्हणजे भावना आहे, भरपूर आहे, आणि माणूस ती दाबून उभा आहे. इंग्रजांनी हा शब्द आपल्या शिस्तीचं बोधचिन्ह करून टाकला खरा, पण छापील रूपात तो आधी अमेरिकेत दिसतो, 1815 साली मॅसॅच्युसेट्सच्या एका वर्तमानपत्रात. 1852 च्या 'अंकल टॉम्स केबिन' कादंबरीत विकल्या गेलेल्या गुलाम टॉमला निरोप देताना मालकाचा मुलगा जॉर्ज त्याला हेच सांगतो. तिथे कोण भावनाशून्य आहे, सांगा बरं! धीर द्यायच्या शब्दाची तुम्ही चहाडी केलीत.

'अॅट आर्म्स लेंग्थ' त्यातल्या त्यात बरा जमलाय, कारण आपणही माणसाला चार हात लांब ठेवतो. फक्त हे जाणूनबुजून राखलेलं अंतर असतं, रागच असायला हवा असं नाही. आयकर कायद्यातही 'आर्म्स लेंग्थ प्राइस' आहे. तिथे कुणी कुणावर रुसलेलं नसतं.

'अलूफ' तुमच्या गाइडने 'तुसडा' म्हणून उरकलाय. हा खलाशांचा शब्द. वारा किनाऱ्याकडे ढकलतोय, गलबत खडकावर आपटणार, तेव्हा नाळ वाऱ्याच्या दिशेला वळवून किनाऱ्यापासून दूर राहायचं, त्याचा हुकूम. दूर राहणाऱ्याला कधी कधी फुटण्याची भीती असते. हे मला फार आवडतं, पण तुमच्यासमोर आवडून उपयोग काय!

मला खरा राग आला तो तुमच्या मराठीचा. इंग्रजांच्या देशात थंडी बोचते, म्हणून त्यांनी माया उबेने मोजली आणि परकेपणा गारठ्याने. आपल्याकडे उन्हात पोळलेल्याला थंडावा हवा असतो. आपले डोळे निवतात, जीव गार होतो, थंड डोक्याच्या माणसाचं आपण कौतुक करतो. ऊब आपल्यालाही कळते, पण मायेचं आपलं माप पाण्याचं. बोलण्यात ओलावा असतो किंवा विचारपूस कोरडी असते. मन द्रवतं. दगडाला पाझर फुटतो. आजीला जाऊन सांगा की आजोबा थंड आहेत. तिला वाटेल, सुस्तावलेत, चहा टाकू का. कोरडा, तुटक, घुमा, अलिप्त, माणूसघाणा, शिष्ट हे सगळे शब्द तुमच्या घरात आहेत आणि प्रत्येकाचा माणूस वेगळा आहे. यातला आपला माणूस कोणता, हे आधी मराठीत ठरवलं असतंत, तर इंग्रजी शब्दही नेमका सापडला असता.

तिसऱ्या बाकावरचा, उभा राहा. तुझी पहिली ओळ : आजोबा कोल्ड फिश आहेत. चौथी ओळ, तुझ्याच हातची : मी शाळेला निघायच्या आधी ते रोज माझ्या सायकलची हवा बघतात, कमी असली तर भरतात, आणि काही न बोलता आत जातात. ही ओळ गाइडात नव्हती, म्हणून व्याकरणात दोन चुका झाल्या. त्या दोन्ही मी माफ केल्या. पहिल्या ओळीला शून्य.

सोमवारी सगळ्यांनी निबंध पुन्हा लिहून आणायचा. वाक्प्रचार एकही नको. गाइड घरी ठेवा.