कोरी डिस्क

जून लागला की औरंगपुऱ्यात पाय ठेवायला जागा नसते. वह्या-पुस्तकांची दुकानं, स. भु. कॉलेजच्या प्रवेशाला आलेली पोरं, मंडईकडून उलट्या घुसणाऱ्या रिक्षा. याच गर्दीत एक अरुंद जिना चढून गेलं की मामांचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान. मामांचा हात सावकाश, त्यामुळे कामं तुंबायची. ती उपसायला त्यांनी बारक्याला ठेवलं. पोरगा चलाख. समोरचा चहा निवायच्या आत लॅपटॉप खोलून रॅम, बॅटरी, पंखा वेगवेगळे मांडायचा.

एका कॉलेजच्या मुलीच्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क कटकट करू लागली, म्हणून तिच्या वडिलांनी ५१२ जीबीची नवी एसएसडी आणून दिली. बारक्याने ती आधी दुकानातल्या जुन्या डेस्कटॉपला लावली, फॉरमॅट मारला, मग लॅपटॉपमध्ये बसवली. पेनड्राइव्हवरून विंडोज टाकायला घेतलं. डिस्क दिसली, निवडलीही. पण ‘नेक्स्ट’चं बटण राखाडी ते राखाडीच. खाली पिवळा त्रिकोण.

बारक्याने पेनड्राइव्ह बदलला. रॅमचे पाय खोडरबराने घासले. पुन्हा फॉरमॅट, पुन्हा तोच त्रिकोण. दुपारी त्याने निकाल लावला, “मामा, कोरी डिस्क घेईना म्हणजे मालच डुप्लिकेट. परत करायला सांगा.”

मुलीचे वडील स्टुलावर बसलेलेच होते. जिल्हा परिषदेत कारकुनी करून निवृत्त झालेले. सगळे त्यांना भाऊसाहेबच म्हणत. ते म्हणाले, “मला यातलं काही कळत नाही बाबा. पण त्या त्रिकोणाशेजारी काहीतरी लिहिलंय.”

“एरर आहे ते, काका.”

“ते दिसतंय. कशाची?”

बारक्या गप्प.

“‘शो डीटेल्स’ म्हणतंय ना ते? मग दाव की.”

अर्ज नामंजूर झाला की लोक तेवढा एक शब्द वाचून थेट भांडायला येतात, खालचा शेरा कुणी वाचत नाही, हे भाऊसाहेबांनी उभी नोकरी टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिलेलं. त्यांनी चष्मा सावरून इंग्रजी मजकूर अडखळत वाचला. निवडलेल्या डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे. ईएफआय यंत्रणेत विंडोज फक्त जीपीटी डिस्कवर बसवता येते. कारण आणि उपाय, दोन्ही तिथंच.

मामा उठून आले. “कोरी होती म्हणतोस, मग एमबीआर आखलं कोणी?”

बारक्याचं लक्ष कोपऱ्यातल्या जुन्या डेस्कटॉपकडे गेलं. एमबीआर ही डिस्कचे भाग आखण्याची १९८३ पासूनची पद्धत, जीपीटी ही तिच्यानंतरची. एमबीआरला चारच मुख्य पार्टिशन आणि साधारण दोन टीबीची मर्यादा. डेस्कटॉपने आपल्या सवयीने एमबीआरच आखून दिलं होतं. गंमत अशी, की डिस्क खरोखर कोरी राहिली असती तर ईएफआयमधून सुरू झालेल्या विंडोजच्या सेटअपने स्वतःच जीपीटी आखून घेतलं असतं. नुसता फॉरमॅट मारून हे टेबल बदलत नाही. सकाळपासूनची रबर-घिसाई वाया गेली ती त्यामुळे.

आता उपाय कळल्यावर बारक्याला दम निघेना. त्याने शिफ्ट आणि एफ-१० दाबून काळी खिडकी उघडली, ‘डिस्कपार्ट’ सुरू केलं. ‘लिस्ट डिस्क’ दिलं, यादी आली न आली तोच ‘सिलेक्ट डिस्क’ आणि पुढे शून्य. लॅपटॉपमधली डिस्क शून्य नंबरलाच असते, हे त्याच्या बोटांना पाठ.

“थांब,” मामा म्हणाले. “काय करू राहिला? यादी वाच मोठ्यानं.”

“शून्य, नऊशे एकतीस जीबी…” बारक्याचा आवाज बसला.

मुलीची जुनी हार्ड डिस्क! नवं विंडोज चढलं की तिच्यातलं सगळं उतरवून द्यायचं म्हणून त्यानेच ती मघाशी केसमध्ये घालून यूएसबीला जोडली होती आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला होता. नंबर सरकले होते. नवी एसएसडी एक नंबरला, ४७६ जीबी. ५१२ची डिस्क विंडोजला एवढीच दिसते. ‘क्लीन’ ही आज्ञा ‘नक्की का?’ असं एकदाही विचारत नाही. मुलीचे प्रोजेक्ट, फोटो, सगळं एका एंटरवर होतं.

मामांनी आधी जुन्या डिस्कची वायर काढायला लावली. मग पुन्हा यादी, पुन्हा मोठ्याने वाचन. डिस्क निवडली, ‘क्लीन’, ‘कन्व्हर्ट जीपीटी’. यादीत जीपीटीच्या रकान्यात छोटी चांदणी आली. ‘नेक्स्ट’चं बटण उजळलं आणि विंडोज बिनबोभाट चढलं.

संध्याकाळी बारक्याने पावती फाडून दिली. भाऊसाहेबांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि परत त्याच्यापुढे धरली.

“तारीख टाकायची राहिली बघ.”