दुसरा ‘जय’

गणपतीपुळ्याचा गणपती कोणी घडवलेला नाही, अशी भाविकांची श्रद्धा आहे. तो स्वयंभू आहे. ज्या टेकडीच्या पायथ्याशी समुद्राकडे तोंड करून देऊळ उभे आहे ती टेकडीच देव, म्हणून प्रदक्षिणाही सबंध टेकडीला घालायची. माणसाचा हात न लागणे हीच इथली थोरवी. पण गणेशोत्सवाची निमंत्रणे, आरत्यांच्या पुस्तिका, मंडळांचे फलक पाहावेत तर नेमका उलट आग्रह दिसतो: अक्षर हाताने लिहिल्यासारखे हवे. मग ते येते कुठून? संगणकातल्या हस्ताक्षरी फाँटमधून. हाताचे सोंग घेतलेले अक्षर देवाच्या कामी लावणे हा खोटेपणा आहे का, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे. लिखाण वाचण्यासाठी असेल तर तो खोटेपणा नाही, आणि लिहिणे हीच सेवा असेल तर मात्र आहे, असे मला वाटते.

आधी आरोप नीट समजून घेऊ. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ हा फाँट पाहा. अक्षरे किंचित उजवीकडे कललेली, रेघांना रोजच्या पेनची सहजता, आणि बारीक, मध्यम, ठळक अशी तीन रूपे. पण देवनागरीत ही सहजता फार हिशेबाने आणावी लागते. हाताने लिहिताना आपण बहुधा शब्द पुरा करून वर एकच शिरोरेघ ओढतो. फाँटमध्ये प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याचा रेघेचा तुकडा घेऊन येते आणि तो शेजारच्या तुकड्याला बिनचूक जुळावा लागतो. म्हणजे रेघ हलली तरी ती कडेला ठरलेल्या उंचीवरच यायला हवी. एवढे करूनही ‘जय जय’ लिहिले की बिंग फुटते. हाताने लिहिलेला दुसरा ‘जय’ पहिल्यासारखा कधीच नसतो, फाँटमधला मात्र शेवटच्या वळणापर्यंत तोच असतो. काही फाँटांत एकाच अक्षराची दोन-तीन रूपे आलटून पालटून येण्याची सोय असते, पण तीही आधी ठरवून ठेवलेली. आक्षेप घेणारा म्हणतो, जिथे भाव दरवेळी नवा हवा तिथे ही नक्कल कशाला?

या आक्षेपामागे एक गृहीत दडले आहे: एकसारखेपणा आला की भाव गेला. आपल्या परंपरेला हे गृहीत मान्य नाही. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. तिथे समर्थ रामदास वाटोळे, सरळ, मोकळे अक्षर मागतात आणि पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळे एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे असे सांगतात. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही, असेही बजावतात. म्हणजे त्यांची नजर लिहिणाऱ्याच्या लहरीवर नसून वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर आहे. मूर्तीचेही तसेच. पेणच्या कारखान्यांत एका साच्यातून कितीतरी गणपती निघतात, म्हणून कोणाच्या घरची प्राणप्रतिष्ठा उणी ठरत नाही. तरी त्या साच्यातल्या मूर्तीच्या डोळ्यांची आखणी कसबी कारागीर हातानेच करतो. साचा चालतो, पण कुठेतरी माणसाने जातीने लक्ष घालावे लागते.

यावर कोणी विचारील, एकसारखेपणा चालतो तर साधा छापील टाइप का नको? बहुतेक ठिकाणी तोच हवा. पोथी तासन्‌तास वाचायची असते, तिथे कललेले अक्षर डोळ्यांना शिणवते. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर पाण्याच्या ओढीचा इशारा देणारा फलक लडिवाळ वळणात लिहिला तर तो जिवाशी खेळ होईल. हस्ताक्षरी फाँटची जागा आमंत्रणाची आहे, आभाराची आहे, दोन-चार ओळींच्या शुभेच्छांची आहे. आवाज चढवून न सांगता जवळ बसून सांगावे, असा सूर त्यात असतो, आणि सूर निवडणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. खरेखोटे ठरते ते दुसरीकडे. महाभारत लिहिताना गणपतीने अट घातली की माझी लेखणी थांबता कामा नये, आणि व्यासांनी उलट अट घातली की अर्थ समजल्याशिवाय लिहू नकोस. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने ही कथा मूळ संहितेत न ठेवता परिशिष्टात टाकली. पण लोकांनी ती जपली, कारण तिच्यात लेखनाची कसोटी आहे. वेगात यंत्र कधीच पुढे गेले आहे. समजून लिहिण्याची जबाबदारी अजून माणसाकडेच आहे, मग अक्षर बोरूचे असो की फाँटचे.

या कसोटीनेच फाँटची हद्दही ठरते. लिखित नामजपाच्या वहीत ‘श्रीराम’ हजारदा उमटवायला संगणकाला क्षणही लागत नाही, पण त्याला जप म्हणणार नाही कोणी. तिथे वाचणारा नसतोच. वेळ, बोटांचा शीण, भरकटलेले मन पुन्हा ओळीवर आणणे हीच तिथली पूजा, आणि ती दुसऱ्यावर सोपवता येत नाही. ‘स्वहस्ते’ म्हणून पाठवलेले पत्र फाँटमध्ये असेल तर तीही फसवणूकच, कारण न केलेले कष्ट तिथे केल्याचे भासवले जातात. एरवी मजकूर समजून निवडलेला असेल, शुद्ध असेल आणि आजोबांना चष्मा न शोधता वाचता येत असेल, तर दुसरा ‘जय’ पहिल्यासारखाच आहे म्हणून बिघडत काही नाही. अशुद्ध छापलेली आरती सुंदर वळणात सजवणे हा त्याहून मोठा दोष आहे, आणि तो फाँटच्या माथी मारता येणार नाही.